माणिकबाई तिजोरी पारखते

पातूरच्या माणिकबाईने उभ्या जन्मात एक वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतली नाही. भेंडी टोक मोडून घ्यायची, टरबूज टिचकी मारून. नवरा तेवढा बापाने न पारखता गळ्यात बांधला, आणि किसनराव निघाले कापसाच्या सट्ट्याचे शौकीन! मुंबईहून बाजारभावाची तार आली, की बाईचा एक दागिना गेलाच म्हणून समजा. पाटल्या गेल्या, गोठ गेले. उरली एक सोन्याच्या पुतळ्यांची माळ, लेकीच्या, शालूच्या, लग्नासाठी राखलेली. ती गाडग्यात ठेवा नाहीतर कणगीत पुरा, किसनरावांना तिचा वास लागायचाच.

शेवटी माळ कमरेला खोचून बाई अकोल्याला अब्दुल गफ्फारच्या दुकानात तिजोरी घ्यायला आली. किसनरावही मोठ्या हौसेने सोबत आले.

बाईने पहिल्या तिजोरीला टिचकी मारून कान लावला. "हे चावीबिगर उघडून दाखवा."

"काहून, बाई?"

"चोराजवळ चावी राह्यते का?"

हुन्नर दाखवायची संधी कोण सोडतो! गफ्फारभाईंनी कुलपात तार घातली न् दार उघडलं. किसनराव मान लांब करकरून पाहत होते.

"नाई पायजे," बाई म्हणाली. दुसरीचंही तेच झालं.

तिसरी जाडजूड होती, दार लोटलं की आपोआप कुलूप लागणारी. रिकाम्या डब्याची परीक्षा ती काय घ्यायची? बाईने माळ आत ठेवली, चावीही तिच्याशेजारी ठेवली आणि दार धाडकन लोटलं.

"या अल्ला! बाई, चावी तं एकच हाय!"

गफ्फारभाईंनी तार घातली, खिळा घातला, घाम पुसला. दार ढिम्म हलेना. काय ही अवदसा आठवली! आपल्याच हाताने लेकीची माळ घालवली म्हणून बाईला रडूच कोसळलं.

"घणानं फोडा लागते आता," गफ्फारभाई म्हणाले. "सारा मोहल्ला जमा होईन."

"गुपचूप नाई का उघडत?" हे किसनरावांनी विचारलं.

"गुपचूप? तौबा करा!"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. तिने पदराने डोळे पुसले.

"मंग हेच द्या," ती म्हणाली. "शालूच्या लग्नात वाजंत्र्यायच्या आधी घण वाजवू."