कंपनीची टोपी

आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे कोणतीही कंपनी मोठी नसते. नांदेडच्या परिसंवादात हे ऐकून मी मुखेडच्या एसटीत बसलो. शेजारचा फवारणी मजूर लाल डोळे सारखे रुमालाने टिपत होता. परदेशी कंपनीचं औषध कापसावर फवारल्यापासून त्याला गाडीची पाटीही वाचता येत नव्हती.

"त्यांच्या देशात जाऊन खटला भरता येतो," मी म्हणालो.

"तिकडं एसटी जाती का, सर?"

तोच पुढे म्हणाला, "फवारणीच्या आधी कंपनीवाले आल्ते की. मला टोपी घातली, चष्मा लावला, मास्क बांधला, फोटू काढला. मजुराची लई काळजी घेतो म्हनून छापलाय म्हनं."

"मग फवारताना चष्मा?"

"त्यो पुढच्या गावच्या फोटूला लागनार व्हता."

त्याच्या डोक्यावरची टोपी मात्र त्यांनी परत नेली नव्हती. तिच्यावर कंपनीचं नाव होतं.