झेंड्याबरोबर आलेला निरोप

ठाकुर्लीत एका रस्त्यावर मी झेंडा दाखवायचं काम करायचे. पाइप टाकायला अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाणार. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचे हे. मध्ये वळण असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. त्या सोमवारी तेच बरं होतं, कारण आमचा अबोला चालू होता.

ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हे काम धरलेलं. रविवारी घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंकडे सत्यनारायणाला गेलेलो. तिथे कुणीतरी विचारलं, सध्या काय करता? हे ऐटीत म्हणाले, "रोडच्या कामावर सुपरवायझर आहे. मिसेस घरीच असते."

मिसेस! उन्हात उभं राहून माझ्या नाकाची सालं निघालीत आणि म्हणे घरीच असते! परत येताना मी सांगून टाकलं, "ज्या दिवशी जाऊबाईंना खरं सांगाल, त्या दिवशी बोलेन."

पण काम तर करायचं होतं. वॉकीटॉकी कधीच बिघडलेला, म्हणून मुकादमाने हिरवा झेंडा एकच दिलेला. ज्याच्या हातात तो झेंडा, त्याच्या बाजूच्या गाड्या सुटणार. शेवटच्या गाडीवाल्याकडे झेंडा द्यायचा, त्याने तो पलीकडे पोचवायचा. झेंडा आला की समजायचं, रस्ता मोकळा. त्या दिवशी झेंड्याबरोबर निरोपही यायला लागले.

दुपारी एका रिक्षावाल्याने झेंडा दिला आणि म्हणाला, "मावशी, काका विचारतायत, डबा कुठेय?"

दोघांचा डबा माझ्याच पिशवीत होता. मी माझ्या बाजूच्या गाड्या सोडल्या. शेवटी स्कूटरवर एक बाई होत्या, त्यांच्या हातात झेंडा दिला. "तिकडच्या माणसाला सांगा, ज्यांची बायको घरी असते त्यांनी घरी जाऊन जेवावं."

बाईंनी हेल्मेट वर केलं आणि आधी सगळं प्रकरण विचारून घेतलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. "अगदी बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या वेळी झेंडा टेम्पोवाल्याने आणला. "वो सॉरी बोला है."

"सॉरीचं काय लोणचं घालू?" मी त्याच्यावरच ओरडले. बिचारा घाबरून निघून गेला.

माझ्या गाड्या सोडून मी झेंडा पलीकडे धाडला, मग बराच वेळ तो परत येईचना. शेवटी वळणावरून एक पांढरी गाडी आली, मागे रस्ता रिकामा. काच खाली झाली. आत जरीच्या साडीत आमच्या जाऊबाई! हातात हिरवा झेंडा, आरतीचं ताट धरावं तसा.

"अगं, तू खरंच इथे?"

"मी रोजच इथे असते, वहिनी."

"कल्याणला साखरपुड्याला निघालोय गं. तिकडे एकाने मागच्या सगळ्या रिक्षा अडवल्या आणि आमच्याच काचेवर टकटक केली. तोंडाला रुमाल, मी ओळखलंच नाही. त्यांनी आपणहून काढला. भाऊजी!" त्यांनी झेंडा माझ्या हातात दिला. "म्हणाले, 'वहिनी, मी काल खोटं बोललो. मी सुपरवायझर नाही, झेंडाच दाखवतो. आणि ती घरी नसते. पलीकडचा रस्ता तिच्या जिवावर चालतो.'"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मेला, एवढं कालच बोलला असता तर!

"जेवलीस का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते उपाशी असताना मला घास उतरणार आहे का, वहिनी?"

त्या गेल्या. माझ्या बाजूच्या शेवटच्या रिक्षात मी झेंडा दिला आणि डबाही. "काय सांगू?" रिक्षावाल्याने विचारलं. "सांग, मीठ जास्त झालंय, गपचूप खा."

झेंडा परत आला, डबाही परत आला. उघडला तर दोन पोळ्या आणि अर्धी भाजी माझ्यासाठी ठेवलेली. मी तिथेच बॅरिकेडला टेकले आणि पहिला घास घेतला. मागे हॉर्न वाजायला लागले. एकजण खिडकीतून ओरडला, "ओ बाई, झेंडा दाखवा ना!"

"थांबा हो जरा!" मी भरल्या तोंडाने ओरडले. "घरी असते तर कधीच जेवले असते!"