शिलाचं बंद पडलेलं इंजिन

वारंगा फाट्यावर वसराम राठोड डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. बाजूच्याच तांड्यात वाढलेल्या त्याच्या लेकीला, शिलाला, लहानपणापासून एकच शिकवण मिळाली होती: इंजिन मरतं ते तापून. पुढं ती विमान चालवायला शिकू लागली, तेव्हाही हे डोक्यात पक्कं होतं. शिकाऊ विमानाच्या कार्ब्युरेटरला, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा देणारी एक खुंटी असते. "ही थंड मुलखासाठी. आपल्याकडं नुसती ओढून बघायची आन् आत ढकलायची," असं विमानशाळेतली जुनी पोरं सांगायची. मराठवाड्याचं ऊन सोसलेल्या शिलाला ते लगेच पटलं.

गेल्या सप्टेंबरात ती एकटीच उडाली. पाऊस उघडला होता, पण हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटून बसलेला. औंढ्याचे डोंगर मागं पडले. पुढं ढग खाली आलेले दिसले, म्हणून तिनं इंजिनाचा जोर कमी केला आणि विमान हळूहळू खाली घेतलं. तेवढ्यात इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा घसरू लागला. तिनं जोर वाढवला, तरी काटा वर येईना. इंजिन थरथरू लागलं.

वर्गात शिकवल्याप्रमाणं तिनं गरम हवेची खुंटी ओढली. इंजिन सुधरायचं सोडून आणखीच खोकलं, सगळं विमान हादरलं. आपणच याला तापवून मारतोय, असं वाटून तिनं खुंटी झटक्यात आत ढकलली. थोड्याच वेळात इंजिन थांबलं. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला आणि कानाशी वाऱ्याचा सूं सूं आवाज तेवढा उरला.

खाली जवळा बाजारचं शिवार होतं. कापूस, सोयाबीन, आणि मधेच मूग काढून मोकळं झालेलं एक मुरमाड रान. शिलानं विमान तिथं उतरवलं. ते उसळलं, घसरलं, बांधाच्या अलीकडं थांबलं. दार उघडून ती खाली उतरली आणि तिथंच मातीत बसली. रानाची मालकीण निर्मलाबाई धावत आली, तिला पाणी पाजलं, "लेकरा, हातपाय हालतेत न्हाई का?" म्हणत तिची बोटं चाचपत राहिली.

दुपारी वसराम पोचला, आणि विमानशाळेचा मेकॅनिक वैजनाथही. तोवर निम्मं गाव बांधावर जमलं होतं. वैजनाथनं इंधन बघितलं, तारा बघितल्या, प्लग बघितले. मग लोकांना लांब सारून त्यानं इंजिन सुरू केलं.

ते पहिल्याच झटक्याला सुरू झालं. खोकला नाही, थरथर नाही.

हे कसं शक्य आहे? इंजिन मेलं होतं, तिनं स्वतः ऐकलं होतं! गर्दीतून कुणीतरी बोललं, "पोरगी भेली आसंल, तिनंच बंद केलं." तिनं बापाकडं पाहिलं. वसरामही तिच्याकडं संशयानंच बघत होता.

"बा, मी न्हाई बंद केलं."

"मंग काहून बंद पडलं? बराबर तर चालू हाय."

वैजनाथनं इंजिन थांबवलं. "बर्फ झाला होता आत," तो म्हणाला.

"बर्फ? जवळा बाजारात?" वसराम ओरडलाच.

वैजनाथनं तपासायला काढलेल्या इंधनाचे दोन थेंब वसरामच्या मनगटावर टाकले आणि फुंकर मारली. वसरामनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. कातडी गार पडली होती.

"कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हेच होतं, काका. पेट्रोल उडून जाताना हवेची सगळी ऊब ओढून घेतं. हवा दमट असली की आत बर्फ धरतो, बाहेर कितीही उकडू दे. जोर कमी केला की लवकर धरतो. इंजिन थांबलं, बर्फ वितळून गेला, आता काय दिसणार?"

"पण मी गरम हवा दिली होती," शिला म्हणाली. "त्यानं तर जास्तच बिघडलं."

"बिघडणारच. वितळलेलं पाणी इंजिनातूनच जातं. तेवढं सोसायचं. खुंटी पूर्ण ओढायची, अन् तशीच धरून ठेवायची."

शिलाला आता कळलं. इंजिन वाचत होतं, आणि नेमकं त्याच क्षणी तिच्या हातानं त्याचा गळा आवळला होता. वसराम मनगट चोळत राहिला. "आम्ही जल्मभर तापायलाच भेलो," तो पुटपुटला.

हिवाळ्याच्या तोंडाशी शिला पुन्हा उडाली. धुकं नुकतंच विरलं होतं. काटा पुन्हा घसरला. तिनं खुंटी पूर्ण ओढली. इंजिन धडधडलं, खोकलं, अंगातली प्रत्येक नस 'ढकल आत' म्हणत होती. तिनं दात आवळून हात तसाच ठेवला. एक मोठा गचका बसला, आणि मग आवाज साफ झाला.

उतरल्यावर तिनं बापाला फोन लावला. पण हुंदका असा दाटून आला की तिला बोलताच येईना.

"शिला? काय झालं गं?" वसराम घाबरून विचारत होता. "इमान कुटं हाय?"

"धावपट्टीवर, बा," ती कशीबशी म्हणाली. "इंजिन चालू हाय."