तिसरा वन्समोअर

माझ्या वडिलांच्या आयुष्यावर सिनेमा निघणार हे कळल्यावर भूगावच्या आमच्या सोसायटीत माझा भाव एकदम वधारला. तोवर तिथे मी फक्त पाण्याच्या टँकरवरून भांडणारी बाई होते. आता लिफ्टमध्ये लोक अदबीने विचारू लागले, की तुमची भूमिका कोण करणार. सिनेमा मी जन्मायच्या आधीच संपतो, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडायचा.

बाबा संगीत नाटकांचे संगीतकार होते, आणि मोठे होते. त्यांच्या चाली अजून गायल्या जातात. स्पर्धेत मुलं त्यांचीच पदं घेऊन उभी राहतात, आणि समोर परीक्षक म्हणून मी बसलेली दिसले की बिचारी निम्मी तिथेच गळपटतात. आयुष्यभर मी गाणं शिकवलं, ते बहुतेक सगळं बाबांचं. माझं स्वतःचं म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं. बाबांची मुलगी असणं हेच माझं भांडवल, आणि त्याची मला कधी लाजही वाटली नाही.

आई माझ्याजवळ असते. नव्वदीला टेकली आहे, पण भाजीत मीठ कमी पडलं तर ताट पुढे सरकवते. एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या बायकोला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, अशी आमच्या घरात तिची नेहमी थट्टा व्हायची. बाबांच्या नाटकाला ती जायची नाही. घरच्या बैठकीत कुणी हौसेने 'वन्समोअर' म्हटलं, की उठून आत जायची आणि भांडी आदळत मांडणीवर लावायची. "आमच्या घरचं तालवाद्य सुरू झालं," असं बाबा म्हणायचे आणि सगळी बैठक हसायची. मीही हसायचे.

माझ्या आधीची एक बहीण होती. पाच वर्षांची असताना ती घटसर्पाने गेली. मी त्यानंतरची. त्या रात्रीची हकिकत नाटकवेड्या माणसांना पाठ असते. बाबा ऑर्गनवर होते, नाटक रंगलं होतं, एका पदाला तीन वन्समोअर पडले, आणि शेवटचा पडदा पडल्यावर त्यांना घरून निरोप मिळाला. ते पोचले तोवर सगळं संपलं होतं. सत्काराच्या भाषणांतून हे मी इतक्यांदा ऐकलं, की ते मी डोळ्यांनी पाहिलंय असंच मला वाटायचं.

वन्समोअरची एक रीत होती, ती हल्लीच्या पोरांना समजावून सांगावी लागते. प्रेक्षकांतून ओरडा झाला म्हणून नट लगेच गायला लागत नसे. तो जागेवर थांबून ऑर्गनकडे बघायचा. ऑर्गनवाल्याने सूर धरला तर पद पुन्हा व्हायचं. नाही धरला, तर नट पुढचं वाक्य उचलायचा आणि प्रेक्षक मुकाट्याने ऐकायचे. बाबा ऑर्गनवर असले की हा निर्णय अर्थातच बाबांचा.

सिनेमाचा दिग्दर्शक तिशीतला मुलगा होता, वाकून नमस्कार करणारा. आमच्या बैठकीच्या खोलीत आईसमोर बसून त्याने त्या रात्रीचा प्रसंग वाचून दाखवला. वाचायचा बरा. "पडदा पडतो. मुलीचा मामा धावत विंगेत येतो," इथवर आला, तेव्हा आई म्हणाली, "माझा भाऊ मध्यंतरातच गेला होता."

तो थांबला. मी हातातला चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला.

"सायकल हाणत गेला," आई म्हणाली. "रंगपटात जाऊन ह्यांना सांगितलं, पोरीला श्वास घेववत नाहीये, सारखी तुम्हाला विचारतेय, चला. हे म्हणाले, तू हो पुढे, पडदा उघडल्यावर पहिलंच पद आहे, तेवढं करतो आणि आलोच. पुढचं नाटक सांभाळायला ह्यांचा शिष्य होता. भाऊ काही पुढे आला नाही, विंगेतच थांबला. पद झालं. वन्समोअर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला पण सूर ह्यांनीच धरला."

हे तिने रडूनबिडून सांगितलं नाही. वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलं.

"आई, आत्ता? इतक्या वर्षांनी?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"यापूर्वी मला विचारलं कुणी?"

दिग्दर्शकाचे डोळे मात्र चमकायला लागले होते. "आजी, हे तर फारच मोठं आहे," तो म्हणाला. "म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही ते सूर धरतात. डोळ्यांतून पाणी पडतंय पट्ट्यांवर, तरी हात थांबत नाहीत. कलेसाठी केवढा हा त्याग!"

"त्याग कुणाचा?" आईने विचारलं. तो फोनवर भराभरा टिपून घेत होता, त्याच्या कानापर्यंत ते गेलं नाही.

पुढचे काही दिवस मी आईशी धड बोलले नाही. राग बाबांचा यायला हवा होता, पण आला तो आईचाच. मी स्वतःला समजावत होते, की गॅस बंद केला की नाही हे जिला आठवत नाही, तिचं हे काय धरून बसायचं? मामा कधीच गेला, शिष्यही गेला, विचारायला कुणी उरलं नव्हतं. पण आई खोटं बोलत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि ती खरी असेल, तर ते पद मी कुठल्या तोंडाने शिकवायचं? आईला विचारलं, की इतकी वर्षं गप्प होतीस, तर आताच का बोललीस? ती म्हणाली, "आता ते पडद्यावर दिसणार. मी मेल्यावर लोक तेच खरं धरतील. माझ्या पोरीला कुणी ताटकळत ठेवलं, एवढं तरी नीट दिसू दे." शूटिंगला मला घेऊन चल, असंही तिने बजावलं.

शूटिंग कोळवणला होतं. पुण्याच्या कुणा माणसाच्या फार्महाऊसमागे मोठी शेड आहे, तिच्यात जुनं थिएटर उभं केलं होतं. खिडक्यांना काळं कापड लावून भर दुपारी रात्र केली होती. बाहेर भाताची काढणी होऊन खाचरं मोकळी पडली होती, त्यामुळे माणसं भरपूर मिळाली. प्रेक्षक म्हणून सगळं गावच बसलं होतं. पुरुषांना काळे कोट आणि टोप्या घातल्या होत्या. बायका आपापल्या घरच्या नऊवारीत आल्या होत्या, फक्त फार झगझगीत लुगडी तेवढी मागच्या रांगांत बसवली होती. आम्हाला पहिल्या रांगेच्या कडेला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या.

बाबांचं काम करणारा नट ऑर्गनवर येऊन बसला. मान तिरकी करून पट्ट्यांकडे बघायची बाबांची लकब त्याने हुबेहूब उचलली होती. मला भडभडून आलं. आईकडे बघायचा धीर झाला नाही.

पहिली तालीम झकास झाली. पद संपताच गावाने असा 'वन्समोअर' ठोकला, की वरचे पत्रे थरथरले. लोकांना मजा येत होती. पण दिग्दर्शकाला त्यांच्या चेहऱ्यांवर अजून काहीतरी हवं होतं. त्याने माइक घेतला आणि सगळी गोष्ट सांगितली. ऑर्गनवर बसलेल्या माणसाची पाच वर्षांची मुलगी घरी शेवटचे श्वास घेतेय, त्याला आत्ताच निरोप मिळालाय, आणि तरी तो वाजवतोय. सांगताना त्याचाच आवाज कातर झाला. मग म्हणाला, "पण हे तुम्हाला माहीत नाही हां. तुम्ही गाण्यात रंगून गेलायत. तीनदा वन्समोअर द्यायचाय. चला, टेक."

पद झालं. पहिला वन्समोअर आला, पण उगाच आल्यासारखा. पद पुन्हा झालं. दुसऱ्याला मागच्या रांगेतून एक-दोघे ओरडले आणि आजूबाजूला बघून गप्प बसले. तिसऱ्याला कुणीच ओरडलं नाही. रंगमंचावरचा नट ऑर्गनकडे बघत उभा, ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांच्या वर तसेच, आणि अख्खी शेड चिडीचूप.

"कट! अरे काय झालं? आवाज कुठाय?" दिग्दर्शक ओरडला आणि त्याचा सहायक धावत पुढे आला.

पहिल्या रांगेतली एक बाई पदर सावरत उठली. साठीची असेल, अंगाने काटक. "आवो सायेब, पोरगी तिकडं मरायला टेकलीय आन आमी ह्याला पुन्हा गा म्हनायचं? न्हाई जमत."

दिग्दर्शकाने तिला हात जोडले. "मावशी, पण ते तुम्हाला माहीत नाहीये ना. तुम्ही नाटक बघायला आलाय."

"तुमीच तर आत्ता सांगितलं. आता ठावं झाल्यालं न्हाई ठावं कसं करायचं?"

थोडी हसाहस झाली. पण मागून एका पुरुषाचा आवाज आला, आणि त्यात हसणं नव्हतं. "आवो मास्तर, उठा की! जावा घरी. आमी काय खुळं हाय का तुमाला धरून ठेवायला?" त्यावर दोन्ही बाजूंनी "व्हय, व्हय, जावा घरी" असा गलका झाला. ऑर्गनवरचा नट गोंधळून गेला. त्याने हात मांडीवर घेतले आणि खाली मान घालून बसला.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि चहाची सुट्टी दिली. ओरडणं नंतर स्टुडिओत भरून घेऊ, असं तो कुणाला तरी सांगत होता. ती बाई चहाचा कागदी कप घेऊन आमच्याजवळ आली. "तुमी कोन, आजी?" तिने विचारलं.

"त्या मुलीची आई," आई म्हणाली.

बाईने कप खाली ठेवला. "मंग? आला का तो येळंला?"

"नाही."

ती बाई आईच्या खुर्चीशेजारी खालीच बसली. आईच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला. पुन्हा सगळ्यांना आत बोलावलं, तेव्हाच तो हात काढून गेली. मी अजून बाजूच्या खुर्चीवरच होते आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. इतक्या वर्षांत हा एक प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही.

परतताना पौड मागे पडेपर्यंत आई बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी उगाच त्या लोकांना शिव्याशाप देत आले."

"कुठल्या लोकांना?"

"त्या रात्रीच्या. वन्समोअर वन्समोअर ओरडणाऱ्या. सूर ह्यांनी धरला हे ठाऊक होतं, तरी त्यांनीच ह्यांना अडकवून ठेवलं, असं मी धरून चालले होते. ह्यांचा राग करायचा तर ह्यांच्याच घरात राहायचं होतं. त्यांचा राग करणं सोपं होतं." ती पुढे म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं गं. ह्यांनी उठून नुसतं म्हटलं असतं ना, माझी मुलगी आजारी आहे, तर त्याच लोकांनी वाट करून दिली असती. टांगा आणून उभा केला असता दारात. ह्यांनी सांगितलंच नाही."

मी गाडी चालवत होते. बाबांच्या बाजूने काहीतरी बोलावं, म्हणून मी शब्द शोधत होते, आणि पिरंगुटचा चढ संपला तरी मला एकही सापडला नाही. मला बाबांचा राग आला. जन्मात पहिल्यांदा आला, आणि तो इतका आला की स्टिअरिंगवरचे हात दुखायला लागले.

"ती काय विचारत होती?" मी आईला म्हणाले. "मामाने सांगितलं ना, सारखी विचारतेय म्हणून."

आईने खांद्यावरचा पदर नीट केला.

"बाबांचं गाणं संपलं का, एवढंच विचारत होती," ती म्हणाली. "मी दर वेळी हो म्हणत होते."