हरभऱ्याच्या भाजीचं पार्सल

ती घटना आजही आठवते, आणि घरात हरभऱ्याची सुकी भाजी शिजायला लागली की हमखास आठवते. बायको म्हणते, "तुम्ही निवृत्त झालात, पण तुमचं नाक अजून ड्युटीवर आहे." तिचं काही चुकत नाही.

मी तेव्हा अकोल्यात स्थानिक गुन्हे शाखेचा निरीक्षक होतो. भादव्याचे दिवस होते. एका वसतिगृहाचे रेक्टर भेटायला आले. गृहस्थ शांत, पण वैतागलेले होते. त्यांच्याकडच्या काही मुलांना दर आठवड्याला पार्सलं येत होती, आणि ती उघडली की जिन्यापर्यंत वास येत होता. त्यांनी त्या खरेदीच्या ॲपवर दोनदा तक्रार केली होती. दोन्ही वेळा 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं आणि पार्सलं येतच राहिली. त्यांनी फोनमधली ती उत्तरं दाखवली. मला हसू आलं, पण मी त्यांची प्रत काढून ठेवली. कागद जपून ठेवायची सवय मला नोकरीनेच लावली.

दोन दिवसांनी पार्सलं वाटणाऱ्या कार्यालयात आम्ही सापळा लावला. राजपत्रित अधिकारी, दोन पंच, वजनकाटा, सील करायची लाख, सगळी तयारी नियमाप्रमाणे होती. पाकिटावर हरभऱ्याच्या हिरव्या घाट्यांचं चित्र आणि 'घरगुती हरभऱ्याची सुकी भाजी' अशी छपाई होती. खाली एका बाईंचं नाव, चांदूर बाजार तालुक्यातलं गाव आणि अन्न परवान्याचा क्रमांक. आत गांजा होता. पंचांपैकी एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी पाकिटात वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आमच्या घरी अशी नसते हो."

नाव, गाव, परवाना, सगळं आरोपीनेच छापून दिलेलं. असा आयता गुन्हा कोणाला नको असतो? मी खूश झालो आणि तिथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराला जीपने पाठवून बाईंना आणलं. पन्नाशीच्या बाई होत्या, गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. आल्या, "जय भीम, सायेब" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. येताना भाकर-ठेचा बांधून आणला होता. हवालदारीण सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर त्यातला अर्धा तिला दिला. गुन्हा पचवू पाहणारा माणूस सहसा असं करत नाही. हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते बाजूला सारलं.

सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, त्यामुळे जे करायचं ते दिवसाउजेडी करायला हवं होतं. अटकेचा फॉर्म मी अर्धा भरूनच ठेवला होता. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन सहजी मिळत नाही. फॉर्मवर सही झाली असती, तर बाई कित्येक महिने घराबाहेर राहिल्या असत्या.

"हे नाव तुमचं?" मी विचारलं.

"नाव माहं हाय. पाकीटबी माहं हाय. आतला माल माहा नाई."

"असं सगळेच म्हणतात."

"म्हनत असतीन. मी खरं सांगून राहिली."

"मग तुमच्या पाकिटात गांजा आला कसा?"

"ते मले काहून विचारता? पोलीस कोन हाय, तुमी का मी?"

हवालदारीण खिडकीबाहेर बघू लागली. मी आवाज चढवला. बाईंवर त्याचा काही परिणाम झाला नाही. उलट त्यांनीच मला विचारलं, "हे पार्सल कवाचं हाय?"

"परवाचं."

"आन् भाजी कवा खुडतेत?"

मी पोलीस लाइनीत वाढलेला माणूस. भाजी ताटात येते तेवढंच मला ठाऊक. बाईंनी मग सावकाश समजावलं. हरभरा फुलावर यायच्या आधी, थंडीत, बाया शेंडे खुडतात. त्याने झाडाला नवे फुटवे येतात आणि पानांवरची आंबट आंब हाताला लागते. तो पाला सावलीत वाळवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की शिजवायचा.

"आमच्या गटाची भाजी आखाजीले सरते," त्या म्हणाल्या. आखाजी म्हणजे वैशाखातली अक्षय तृतीया. "भादव्यात मले घरी खायले नाई, तं विकू कुठून?"

मी हट्टाने म्हणालो, "मागची शिल्लक असेल."

"कोनी घेतली ते तं वाचा."

मी पार्सलं गेलेल्या पत्त्यांची यादी वाचू लागलो. मुलांचं वसतिगृह. दुसरं वसतिगृह. भाड्याची खोली. पुन्हा वसतिगृह. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"सायेब, या पोट्ट्यांपाशी चूल हाय काय?"

मेसमध्ये जेवणारी मुलं दर आठवड्याला कच्ची सुकी भाजी मागवत होती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. सूर्य मावळायला तासभर होता. अटकेचा फॉर्म फाडला आणि जबाब लिहायला घेतला.

तालुक्याच्या गावी एक ऑनलाइन सेंटर होतं. ॲपवरचं खातं तिथल्या दुकानदाराने उघडून दिलं होतं. पासवर्ड त्याच्याकडे, उरलेली रिकामी पाकिटंही त्याच्याच दुकानात. माल संपल्यावर बाईंनी त्याला "आता बंद कर" म्हणून सांगितलं, तो "हो काकू" म्हणाला आणि विषय संपला. बाजारात माल सरला की पोतं झटकायचं आणि घरी जायचं. आपण घरी गेल्यावरही आपल्या नावाचं दुकान चालू राहू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी मी म्हणालो, "ताई, जीपने घरी सोडतो."

"गाडी दिवसा आली होती, सायेब. साऱ्या गावानं पाह्यली. सोडालेबी दिवसाच या." त्या रात्री त्या अकोल्यातल्या भावाकडे राहिल्या.

सकाळी त्यांना सोबत घेऊनच निघालो. चांदूर बाजारात स्थानिक पोलिसांसह सेंटरवर छापा टाकला. मागच्या खोलीत बाईंच्या नावाची पाकिटं आणि गांजा दोन्ही मिळालं. दुकानदार फार वेळ टिकला नाही. "ॲपच्या कंपनीचा माणूस पाकीट कधी उघडून पाहतच नाही, साहेब," असं तो जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला.

तिथून बाईंच्या गावात गेलो. विहारासमोर माणसं जमली होती. मी जीपमधून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "यांचा काही गुन्हा नाही. चूक माझी झाली." वर्दीत असताना हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर मात्र हलकं वाटलं.

पुढे कंपनीचे कायदा अधिकारी अकोल्याला आले. अतिशय सभ्य माणूस. त्यांचं एकच पालुपद होतं: "आम्ही फक्त मध्यस्थ. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा." बाई त्या दिवशी पुरवणी जबाबासाठी आल्या होत्या, बाजूलाच बसून ऐकत होत्या. मी साहेबांसमोर त्यांच्याच ॲपची जप्त केलेली छापील पानं ठेवली. भाजीच्या चित्राखाली ओळ होती, 'ही वस्तू घेणाऱ्यांनी हेही घेतलं', आणि त्याखाली सिगारेट वळायचे कागद.

"ते काय हाय?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे याइच्या मशिनीले समजलं होतं," त्या म्हणाल्या. "मानसालेच नाई समजलं."

साहेबांनी पाणी मागितलं. मग मी रेक्टरांच्या दोन तक्रारींच्या प्रती पुढे केल्या. कळवल्यानंतरही विक्री चालू होती आणि प्रत्येक विक्रीतला वाटा कंपनी घेत होती. ज्याच्या गाळ्यात धंदा चालतो त्याला आम्ही नेहमीच जाब विचारतो. गाळा फोनमध्ये आहे म्हणून का सोडायचं? दोषारोपपत्रात दुकानदारासोबत कंपनीचंही नाव आरोपी म्हणून लिहिलं. "टिकेल का हे?" वरिष्ठांनी विचारलं. मी म्हणालो, "ते कोर्ट ठरवेल, सर. लिहायचं काम आपलं." खटला अजून चालू आहे. बाई त्यात पहिल्या साक्षीदार आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मला थोडं लाजून उत्तर द्यावं लागतं. कंपनीने पाकिटावरचं नाव वाचलं आणि माल पुढे पाठवला. मीही पाकिटावरचंच नाव वाचलं आणि बाईला उचलून आणलं. पाकीट मी उघडलं होतं, पण त्या नावाच्या आत हात घालून पाहायचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत. माझं नशीब एवढंच, की मला अडवायला समोर ती बाई बसली होती.

आता दर पौषात मी आणि बायको त्यांच्या शेतावर जातो. त्या चहा देतात, चार खडे बोल सुनावतात आणि निघताना भाजीची पिशवी पुढे करतात. पिशवीचं तोंड मुद्दाम उघडं असतं.

"आदी हात घालून पाहा, सायेब. मंग घ्या."

बायको हसते. मी मात्र दरवर्षी हात घालून पाहतो.