भिवंडीत लूम थांबले तेव्हा

साताऱ्याहून निघताना माझ्या पिशवीत कंदी पेढ्यांचा डबा होता आणि डोक्यात भाचीची काळजी. स्नेहा भिवंडीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मागच्या परीक्षेत तिचे हात थरथरू लागले, छाती धडधडली आणि ती पेपर अर्धा टाकून घरी आली. तोच पेपर उद्या पुन्हा होता. तीस वर्षं शाळेत शिकवणारी मावशीच तिला धीर देईल, असं ताईला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

कल्याणला एसटीतून उतरून रिक्षा केली. खाडीचा पूल ओलांडला, गोदामं मागे पडली आणि गल्लीत शिरताच खटखटाट सुरू झाला. जिकडेतिकडे लूम (यंत्रमाग).

"यहाँ बात नहीं करते मॅडम, चिल्लाते हैं," रिक्षावाला ओरडून म्हणाला.

ताईने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढली. मी मनसोक्त जेवले. स्नेहाने भाकरीचे नुसते तुकडे केले.

संध्याकाळी अचानक शेजारचे लूम थांबले. शेडचे मालक दामूभाऊ, मूळचे जवळच्या अंजूर गावचे शेतकरी, दारात येऊन म्हणाले, "पोरीचा पेपर हाय ना उद्या? शिफ्ट बंद केली. आता आवाज न्हाय."

माझे डोळे भरून आले. लगेच पेढ्यांचा डबा काढला, तर ताईने हात धरला. "निकालानंतर."

आत स्नेहा रडत होती. "घाबरू नकोस," मी शाळेतल्या सुरात म्हटलं.

"तूपण तेच! मावशी, माझ्यासाठी लूम बंद केले त्यांनी. उद्या मी परत पेपर टाकून उठून आले तर या गल्लीत तोंड कसं दाखवू?"

तीस वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारता यावं इतका वेळ मी कुणाजवळ बसलेच नव्हते. मी तिच्या शेजारी बसले. मग म्हटलं, "हे त्यांनाच सांगू या का?"

शेडमध्ये दामूभाऊ आणि विणकर अन्वरचाचा चहा पीत होते. स्नेहाने मान खाली घालून सगळं सांगितलं. दामूभाऊ गोंधळले. "आगं, तू पास व्हावी म्हून न्हाय बंद केली. कान किटले असतील तुझे म्हून केली."

अन्वरचाचा हसले. "बेटी, दिन में सौ बार धागा टूटता है. गाँठ मारके फिर चालू. टूटा, इसलिए कोई घर चला जाता है क्या?"

स्नेहाला हसू आलं. "मग लूम चालू करा ना. हा आवाज नसला की मला वाचायलाच जमत नाही."

पुन्हा खटखटाट सुरू झाला आणि ती वाचायला बसली.

सकाळी कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायचं, पण तिथे थांबायचं नाही, अशी तिची अट. ताई आणि मी पलीकडच्या चहाच्या टपरीवर लपलो. थोड्या वेळाने दामूभाऊही "सहज" आले. पोरं एकेक करून बाहेर पडू लागली. प्रत्येक वेळी त्यांत स्नेहा नाही ना, हे मी मान उंचावून बघे. स्नेहा शेवटच्या घंटेनंतर आली, घामाघूम, बोटांना शाई.

"मधेच हात थरथरले," ती म्हणाली. "पेन खाली ठेवलं. मग परत उचललं."

घरी येताच तिने पेढ्यांचा डबा उचलला. ताई "अगं, निकाल..." म्हणेपर्यंत ती शेडमध्ये पोचलीसुद्धा.

"चाचा, धागा टूटा था," ती लुमांच्या वरताण ओरडली. "गाँठ मारी!"

निकाल अजून लागायचा आहे. पण साताऱ्याला उतरताच मी पेढ्यांचा दुसरा डबा घेतला आणि आळीभर वाटला. किती मार्क मिळाले, असं जो तो विचारतो. मी मान ताठ करून सांगते, आमची पोरगी घंटा होईपर्यंत बसली.