बाईंच्या वडिलांची गिरणी

“कोण म्हणतं?”

बाई हे भांडायला म्हणून विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि खरोखरच कोण म्हणतं ते ऐकायची वाट बघायच्या. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. आपण सहज म्हणून जातो, “यंदा हापूस चांगला आहे,” आणि त्या माणसासमोर त्या वाक्याला एकदम साक्षीदार लागतात.

दादरच्या मासळी बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होते. कोळीण म्हणाली, “बाई, पापलेट आजचं हाय.”

“कोण म्हणतं?”

“पापलेटच म्हणतंय. बघा त्याच्या डोल्यात.”

बाई इतक्या खूश झाल्या, की घासाघीस करायच्या विसरल्या. पुढे कित्येक वर्षं त्या विद्यार्थ्यांना सांगत, “आपला साक्षीदार बहुतेक वेळा मेलेला असतो रे. तरी त्याच्या डोळ्यात बघायचं.”

त्या इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, बौद्ध घरातल्या. वडील गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात, कामाला. निवृत्तीनंतर त्या नायगावला एकट्या राहत. मी एका मोठ्या मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक. बाई आमच्यासाठी अधूनमधून लिहीत, आणि त्यांचा मजकूर आणायला मीच जात असे. ईमेल त्यांना येत होतं. पण “मजकुराबरोबर माणूस आलं की चहा होतो” असं त्यांचं म्हणणं.

आमच्या पेपरने गिरणगावावर एक मोठी लेखमाला काढली. पहिला लेख खुद्द संपादकांचा. सुंदर लिहिला होता. माझ्या आईने तो वाचून डोळे पुसले. त्यात एक वाक्य होतं : ‘गिरणीच्या भोंग्याला जात माहीत नव्हती.’ ते वाक्य लोकांनी उचलून धरलं, मोबाइलवरून गावभर फिरवलं.

बाईंनी ते वाचलं आणि मला फोन केला. “अगं, भोंग्याला नव्हती, कबूल. साचेखात्याला होती.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. साचेखातं म्हणजे कापड विणायचा विभाग. तिथे पगार जास्त. पण मागावर सूत तुटलं, की धोट्याच्या, म्हणजे आडवं सूत वाहून नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचं. म्हणून दलित माणसाला तिथे उभं करत नसत. “माझे वडील जन्मभर रिंगखात्यात राहिले,” बाई म्हणाल्या, “ते काही त्यांना सूत आवडायचं म्हणून नव्हे.”

बाई आणि आणखी चार अभ्यासकांनी मिळून संपादकांना पत्र लिहिलं. पेपरने ते छापलं, पण खाली संपादकांची टीप जोडून : लोकांच्या जिवंत आठवणींचा अभ्यासकांना इतका राग का? झालं. पुढचे काही आठवडे आमच्याकडे वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. बहुतेक बाईंच्या विरोधात. ‘आमचे वाडवडील खोटारडे होते काय?’ असा सूर. अभ्यासकही चिडले. ह्या पेपरावर बहिष्कार घालू, म्हणाले. बाई म्हणाल्या, “बहिष्कार कसला घालता? तो माझ्या घराण्याने पुष्कळ भोगलाय.”

तो ढीग मी बाईंना दाखवायला नेला. त्यातलं एक पत्र त्यांनी बाजूला काढलं. लालबागच्या एका म्हाताऱ्या विणकराचं होतं. सगळ्यात जास्त रागावलेलं तेच.

“ह्यांच्याकडे जाऊ या,” त्या म्हणाल्या.

“बाई, ते शिव्या देतील.”

“देऊ देत. पत्ता दिलाय म्हणजे कुणीतरी यावं असं वाटतंय त्यांना.”

चाळीतल्या त्या खोलीत ते विणकर, सगळ्यांचे तात्या, खाटेवर बसले होते. सून चहाचं आधण ठेवत होती. बाईंनी नाव सांगितलं तसे ते ताठ झाले.

“तूच काय ती? माझ्या बापाशीक खोटो पाडणारी?”

“नाही, तात्या. ऐकायला आलेय.”

बाई खरंच ऐकत बसल्या. धोट्याचा विषयसुद्धा काढला नाही. गाव कुठलं, पहिल्यांदा मागावर उभं राहिलात तेव्हा भीती वाटली का, डब्यात काय असायचं, असलं विचारत राहिल्या. तात्या हळूहळू सैल झाले. मग संपाचे दिवस निघाले.

“घरात तांदळाचो दाणो नव्हतो,” तात्या म्हणाले. “पोरा उपाशी. तेव्हा आमच्या गिरणीतलो एक माणूस, रिंगखात्यातलो, तुमच्यातलोच, खांद्यार तांदूळ घेवन इलो. आता सांग, हय जात खय होती?”

“नव्हती,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला. “मग तुम्ही त्यांना बसवलंत?”

“बसवलंय तर! आवशीन पाणी दिल्यान...”

तात्या एकदम थांबले. सुनेने गॅस बारीक केला.

“पेलो वेगळो दिल्यान,” ते आईबद्दल म्हणाले. “तेणा काय्येक म्हटल्यान नाय. पाणी प्यालो, पेलो आपणच विसळल्यान, उपडो घातल्यान आणि गेलो. तांदूळ आमी शिजवन खाल्लंव.”

बाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला.

“ह्या पेपरात घालू नको, बाये,” तात्या म्हणाले. “माझी आवस वाईट नव्हती.”

“नाही घालणार.”

उतरताना जिन्यात मी म्हटलं, “बाई, ह्याच्यापुढे संपादक काय बोलणार? एवढा एक प्रसंग छापला तर वादच मिटेल.”

“मी शब्द दिलाय,” त्या म्हणाल्या. “आणि आठवण त्यांची आहे, अगं. माझ्या उपयोगाची आहे म्हणून माझी होत नाही.”

बाईंनी त्या रविवारसाठी छोटंसं टिपण लिहिलं. अर्ध्या भागात लिहिलं, की अडचणीला गिरणगावातली माणसं एकमेकांना धरून होती, हे खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात लिहिलं, की जी माणसं धरून होती, त्यांच्यातल्या काहींना साचेखात्याचं दार बंद होतं, हेही तितकंच खरं आहे. मी मजकूर जसाच्या तसा दिला. रविवारी सकाळी पेपर उघडला तर वरचा अर्धाच भाग, आणि डोक्यावर ठळक मथळा : ‘अखेर अभ्यासकांची कबुली.’

बाईंचे सहकारीच त्यांच्यावर उलटले. एकाने फोनवर सुनावलं, “छापून यायच्या मोहाने तुम्ही आम्हाला विकलंत.” बाईंनी त्यालाही तात्यांची गोष्ट सांगितली नाही. “मला वाईट वाटलं” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी त्या आमच्या ऑफिसात आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना संपादकांच्या केबिनमध्ये घेऊन गेले. संपादक वाईट माणूस नव्हते. अवघडून उभे राहिले.

“जागा कमी पडली, बाई. आणि हे बघा, पेपर म्हणजे काही पीएचडी नव्हे.”

“म्हणूनच तर जास्त जपायला हवं. पीएचडी चार माणसं वाचतात.”

संपादक थोडा वेळ टेबलावरचा पेपर सरळ करत राहिले. मग एकदम म्हणाले, “माझे वडील परळच्या गिरणीत टाइमकीपर होते. मागच्या वर्षी गेले. तो लेख मी... त्यांच्यासाठी लिहिला. मला त्यांची गिरणी चांगलीच आठवायची होती.”

बाई खुर्चीत बसल्या. मघाचा त्यांचा सगळा ताठरपणा गेला होता.

“आठवा की,” त्या म्हणाल्या. “चांगलीच आठवा. फक्त माझ्या वडिलांनाही त्या गिरणीत राहू द्या. त्यांनीही तिथेच आयुष्य काढलंय.”

संपादकांनी “बघतो” म्हटलं. बघतो म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी खालून फोन आला, की कोणी आजोबा आलेत आणि वर यायचं म्हणतायत. सुनेच्या खांद्याला धरून तात्या आले. त्यांनी ते ‘कबुली’ वाचलं होतं. लोक बाईंना काय काय बोलतायत, तेही सुनेने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं.

“त्या बाईन माझा नाव घेतला असता तर सुटली असती,” तात्या मला म्हणाले. “घेतल्यान नाय. खय आसा तुजो सायेब? लिवन घे म्हणा.”

संपादकांनी स्वतः लिहून घेतलं. तांदूळ, आई, पेला, सगळं. तात्या मधे दोनदा म्हणाले, “आवस वाईट नव्हती, ह्याय घाल.” संपादकांनी मान हलवली. तेही लिहिलं.

त्या रविवारी पहिल्या पानावर, जिथे तो भोंग्याचा लेख आला होता तिथेच, तात्यांचं बोलणं छापून आलं. त्याच्या शेजारी बाईंचं टिपण, पूर्ण. सहकाऱ्यांनी एकेक करून फोन केले. बाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं, आणि दुपारी लालबागला जाऊन तात्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मोठ्या अक्षरातली प्रत देऊन आल्या. नंतर त्या तिकडे वरचेवर जात. काय बोलत असत ते मला माहीत नाही. मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बाई आजारी पडल्या. परळच्या इस्पितळात जनरल वॉर्डात होत्या, कारण स्वतंत्र खोलीत “कुणाशी बोलायचं?” मी दुपारी ऑफिसला जायच्या आधी जात असे. डोळ्यांना त्रास होत होता, म्हणून पेपर वाचून दाखवायचे.

त्या दिवशी त्या फार थकलेल्या दिसल्या.

“झोप लागत नाहीये गं,” त्या म्हणाल्या. “अग्रलेख वाच.”

मी हसले. त्याही हसल्या, आवाज न करता. मी वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदातच त्यांचा श्वास संथ झाला. मी आवाज बारीक करत नेला आणि हळूच पेपर मिटला.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंट कुशीवर वळून ऐकत होत्या. एवढ्या दिवसांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“थांबलात का, ताई?” त्या कुजबुजल्या. “वाचा ना पुढे.”

मी स्टूल दोन्ही खाटांच्या मधे ओढलं आणि पुन्हा पेपर उघडला.